घरातलंच स्थळ

लक्ष्मणरावांच्या बोटांतून लवंग पुन्हा निसटली आणि दुमडलेला विडा ताटलीत उलगडला.

"लौंगा लई बारक्या येतात आजकाल," ते म्हणाले.

जयवंता त्यांच्या बोटांकडे बघत होती. तिचे हे थोरले भाऊ हैदराबादेत गौलीगुड्यात कापडाचं दुकान चालवायचे. नल्लकुंट्याला तिच्याकडे जेवायला आले की विडे तेच करायचे. दुसऱ्याच्या हातचा त्यांना चालतच नसे. आज त्यांच्या अंगठ्यामागचं मांस बसलेलं तिला दिसलं. मग दंडावर कातडीखाली काहीतरी फडफडलं, माशी बसल्यावर बैलाची कातडी थरथरते तसं.

त्यांच्या वडिलांचं, नानांचं, असंच सुरू झालं होतं. अशक्तपणा आहे म्हणून घरच्यांनी तेल चोळण्यात वेळ घालवला, आणि शेवटी नानांना चमचाभर पाणीही गिळता येईना. पुढे चुलत्यांचंही तेच झालं.

आज भाऊ लग्नाची तारीख धरायला आले होते. त्यांच्या लेकीचं, प्रणिताचं, नाव ठेवलं, तेव्हा पाळण्याशीच जयवंतानं ती आपल्या शिवराजसाठी मागून घेतली होती. मामाची पोर घरात आणायची, त्यात विचार कसला करायचा! पोरंही खूश होती, हॉलसुद्धा पाहून आली होती.

"मग, तारीख कधीची धरायची?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"अण्णा, डॉक्टरला दाखवलं का?"

"दाखवलं. सुया टोचून पाहिलं त्यांनी." ते पानाकडेच बघत होते. "नानांचंच आहे."

जयवंताला हंबरडा फोडावासा वाटला. पण आतल्या खोलीत शिवराज फोनवर हसत होता, बहुधा प्रणिताशीच बोलत असावा.

"मग हे लग्न नक्को," ती कशीबशी म्हणाली. "दोन्हीकडून एकच रक्त. त्यांच्या लेकरांच्या पदरात काय टाकायचं आपण? प्रणिताला दुसरीकडे द्या."

लक्ष्मणरावांनी डोळे मिटले.

"हौ. माझ्या तोंडातून ते निघालं नसतं, जया. बहिणीला दिलेला शब्द भावानं कसा मोडायचा? तुला दिसावं म्हणून तर तुझ्यासमोर विडा करायला बसलो."

"शिवराजला मी सांगते."

"सांग." त्यांनी तळवा पुढे केला. "आता तुझा हात दाखव."

जयवंतानं हात पदराखाली ओढून घेतला.

"मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली.

लक्ष्मणरावांनी पुढे केलेला तळवा हळूच मागे घेतला.