नात्याचा रकाना

वकीलबाईंनी सगळं टाइप करून ठेवलं होतं. खालची कार्यशाळा, वरच्या दोन खोल्या, बँकेतली ठेव, माझं नाव, माझं वय आणि माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. मोकळ्या होत्या फक्त दोन जागा. हे सगळं कोणाला, आणि त्याचं माझ्याशी नातं काय. पाच आठवडे झाले तरी त्या मोकळ्याच होत्या.

"ताई, एकच तर नाव लिहायचंय," वकीलबाई प्रत्येक वेळी म्हणायच्या.

"एकच लिहायचंय म्हणूनच अडलंय," मी म्हणायचे, आणि त्या घड्याळाकडे बघायच्या.

मी कवळ्या करते. एकेचाळीस वर्षं करते आहे. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप घेऊन माझ्याकडे पाठवतात, मी साचा ओतते, मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवते, मग पक्की कवळी करून, चाकावर घासूनपुसून परत पाठवते. लोकांना वाटतं दात सरळ रांगेत बसवले की झालं. तसे बसवले तर माणूस हसला की दुकानाच्या पाटीसारखा दिसतो. देवाने कोणाचेच दात इतके शिस्तीत लावलेले नाहीत.

तर दोन महिन्यांपूर्वी मी वरच्या फळीवरचा प्लास्टरचा डबा काढताना स्टुलावरून पडले. मनगट मुरगळलं, एवढंच. पण मी पडले आणि सगळ्या घराला एकदम आठवलं की मी मरणार आहे. मी लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. उरला दादा आणि त्याची दोन मुलं. मुलाला आम्ही साहेब म्हणतो, कारण तो पाळण्यात असल्यापासून साहेब होणार असं ठरलं होतं. मुलीला मी चिमटी म्हणते. लहानपणी ती दाण्याएवढा दात दोन बोटांत असा अलगद धरायची की मला चिमटा शोधायची गरज पडत नसे.

दादा दर रविवारी येऊन बसायला लागला. आधी दहा वर्षांत इतक्या वेळा आला नसेल.

"साहेबाला दे," तो म्हणाला. "चार वर्षं झाली, पोराला नोकरी नाही. त्याला आधार होईल."

"आणि चिमटीला?"

"तिचं होईल काहीतरी. ती हुशार आहे."

म्हणजे हुशार असणं हा तिचा गुन्हा आणि रिकामं बसणं ही याची पात्रता. मी दादाला तसं तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, तुझा स्वभावच तसा. दादाजवळ उत्तर नसलं की माझा स्वभाव निघतो.

साहेबावर माझा राग होता असं नाही. राग येत होता तो सगळ्याच कारभाराचा. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, दोन पदव्या, तिसरी चालू, तीनशे बारा अर्ज. पहिल्या पायरीवरच्या नोकरीला या कंपन्यांना पाच वर्षांचा अनुभव लागतो. मग तो अनुभव त्याने कुठे घ्यायचा, तर जिथे घ्यायचा तिथेही अनुभवच मागतात. चणे आहेत तर दात नाहीत आणि दात आहेत तर चणे नाहीत, असं आमच्या धंद्यात आम्ही गमतीने म्हणतो. या पोरांकडे बत्तीसच्या बत्तीस दात आहेत आणि चण्यांच्या दुकानाला कुलूप.

शेवटी मी दादाला म्हटलं, पाठव त्याला पंधरा दिवस माझ्याकडे, बघते.

साहेब इस्त्रीचा शर्ट घालून आला. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, आत्या, तुझी पुढच्या पाच वर्षांची योजना काय? मी म्हटलं, जिवंत राहणं. तिसऱ्या दिवशी त्याने उजवा सुळा डावीकडे बसवला. सहाव्या दिवशी पॉलिशच्या चाकाने त्याच्या हातातली कवळी हिसकली आणि ती खिडकीच्या गजावर जाऊन आपटली. एका निवृत्त मास्तरांची होती ती. त्यांचं पंधरा दिवसांनी कुठेतरी भाषण होतं. साहेब दोन्ही तुकडे हातात घेऊन इतका केविलवाणा उभा राहिला की मला ओरडताही येईना. नंतर मी त्याला कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं. तिथे तो आपले अर्ज भरायचा आणि टेलिफोन आला तर घ्यायचा.

मास्तरांची कवळी जोडायला शनिवारी चिमटी आली. ती बाराव्या वर्षापासून दर शनिवारी, रविवारी आणि सगळ्या सुट्ट्यांत येते. पहिल्याच वर्षी एका आजोबांची कवळी मेणात लावून झाली होती, आणि ही त्यांचा जुना फोटो बघून म्हणाली, आत्या, यांचा पुढचा एक दात जरा आत होता. मी तो दात केसभर आत ढकलला. आजोबांनी आरशात बघितलं, आणि फोटो शेजारी धरून पुन्हा बघितलं. तेव्हापासून पुढचे सहा दात चिमटीच लावते. डॉक्टरांना वाटतं मी लावते, आणि मीही कधी कोणाला सांगायला गेले नाही. आता ती तेवीस वर्षांची आहे आणि एका गोदामात दिवसभर उभी राहून खोक्यांना चिकटपट्टी लावते. मी तिला किती वेळा म्हटलंय, धर की एखादं बरं काम.

त्या शनिवारी मी तिला सांगून टाकलं. "तुझ्या नावावर करते सगळं. कार्यशाळा, खोल्या, सगळं. एकच अट. दहा वर्षं हे बंद करायचं नाही, विकायचं नाही."

तिने जोडाची रेघ उजेडात धरून बघितली. मग कवळी खाली ठेवली.

"पूर्वी महिन्याला किती यायच्या?"

"चाळीस. कधी पंचेचाळीस."

"या महिन्यात?"

"नऊ."

"त्यातल्या तीन दुरुस्तीच्या," ती म्हणाली. "आत्या, दहा वर्षं मी इथे काय करू? चाकावरची धूळ पुसू?"

माझं डोकंच फिरलं. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. सगळं घर ज्याच्यावर डोळा ठेवून बसलंय ते मी हिच्या ओंजळीत घालतेय, आणि ही मला हिशेब विचारतेय. "मग राहा खोकी चिकटवत," मी म्हटलं. "दुसरं कोण ठेवतंय तुला?"

"कोणी नाही," ती अगदी शांतपणे म्हणाली. "अर्जात विचारतात, या कामाचा अनुभव. मी लिहिते, नाही."

"नाही? अकरा वर्षं इथे बसून काय माशा मारल्यास?"

"कागद आहे?"

मला कळलं नाही. "कसला कागद?"

"मी इथे काम केल्याचा. पत्र, पगाराची चिठ्ठी, काहीही. मी पैसे मागत नाहीये आत्या. तू मला सायकल दिलीस, बूट दिलेस, शाळेच्या सहलीला पाठवलंस. पण सायकल अर्जाला जोडता येत नाही."

तिने मास्तरांची कवळी पाण्याच्या वाटीत ठेवली, हात धुतले आणि गेली. दारही आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी त्या नोकऱ्या देणाऱ्यांना शिव्या घालत होते ना, पोरांना अनुभव कुठून मिळणार म्हणून? काखेत कळसा आणि गावाला वळसा. अनुभव इथेच होता, या टेबलावर, आणि तो मी फुकट वापरला होता. तिला चिठ्ठी कशाला, घरचीच तर आहे. तिचं नाव कुठे लिहायचं मला कधी सुचलंच नाही, आणि आता तेच नाव मी मृत्युपत्रात लिहून मोठा उपकार करायला निघाले होते. मला माझीच चीड आली.

कोपऱ्यातून साहेब खाकरला. तो तिथे आहे हे मी विसरलेच होते.

"तिने पुलापलीकडच्या मोठ्या प्रयोगशाळेत अर्ज केलाय," तो म्हणाला. "ते यंत्रावर दात करतात ना, तिथे."

माझ्या चाळिसाच्या नऊ ज्यांनी केल्या, तेच हे.

"त्यांनी कामाचा एक नमुना मागवला होता, तो त्यांना आवडला. यंत्र दात कापतं, पण पुढचे सहा नीट बसवणारं माणूस त्यांना मिळत नाही. आता जुन्या मालकाचं पत्र हवंय. मंगळवारपर्यंत."

"मग मला का नाही मागितलं? मी लिहून देते. मी आत्या आहे तिची."

"तिथेच तर घोडं अडलंय. नातेवाइकांचं पत्र चालत नाही. नियम सातवा. पत्र देणाऱ्याला ते फोन करून विचारतात."

रविवारी दादाला मी येऊ दिलं नाही. कार्यशाळेत एकटी बसले. खरं सांगायचं तर मला काहीच करायचं नव्हतं. मंगळवार आपोआप उलटला असता. चिमटी गोदामात राहिली असती, शनिवारी आली असती, आणि कधीतरी थकून माझ्या अटीला हो म्हणाली असती. नऊच्या सहा झाल्या असत्या, पण चाक फिरत राहिलं असतं. एकेचाळीस वर्षं मी या खोलीत घालवली आहेत. ती माझ्यानंतर बंद पडावी असं मला वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

सोमवारी सकाळी मी साहेबाला म्हटलं, "लिही पत्र. माझ्या छापील कागदावर. अकरा वर्षं लिही."

"अकरा नको. बाराव्या वर्षी कामाला ठेवली म्हणून तुलाच पकडतील. अठरापासून पाच."

"पाच खोटं आहे."

"पाचच मागतात, आत्या."

त्या दिवशी मला साहेबाची किंमत कळली. कुठला शब्द आधी, कुठला नंतर, काय लिहायचं नाही, पत्राच्या तळाशी काय लागतं, त्यांचा माणूस फोनवर कुठल्या क्रमाने विचारेल, सगळं त्याला पाठ. तीनशे बारा अर्जांत तो काहीतरी शिकला होताच, फक्त ते कोणी विचारत नव्हतं. मी सही केली, आणि पत्र चिमटीकडे तोच घेऊन गेला.

शनिवारी ती आली. मास्तरांची कवळी घासायला घेतली. साडेअकराला टेलिफोन वाजला. साहेबाने घेतला, ऐकलं, आणि माझ्यापुढे धरला.

प्रयोगशाळेतल्या बाईंचा आवाज सभ्य होता. किती वर्षं होती? पाच. काय काम करायची? मी सांगितलं. मेणकाम, मांडणी, दुरुस्ती. चिमटीने चाक बंद केलं.

"तुम्हा दोघींचं आडनाव एकच दिसतंय."

"दर चौथ्या दारावर आहे हे आडनाव," मी म्हटलं.

"म्हणजे तुमचं तिच्याशी नातं काही नाही?"

चिमटी माझ्याकडे बघत होती. समोरच, दोन हातांवर. तिच्या बोटांना पॉलिशची पांढरी पूड लागलेली होती.

"काही नाही," मी म्हटलं. "माझ्याकडे कामाला होती."

"कशी होती?"

"माणसाचा फोटो बघून त्याचा कुठला दात जरा आत होता ते तिला कळतं. हे मला एकेचाळीस वर्षांत आलं नाही. सगळ्यांना वाटतं मी करते. ती करते."

पलीकडे लिहिण्याचा आवाज आला. "मग तिने तुमच्याकडचं काम का सोडलं?"

हा प्रश्न साहेबाने मला शिकवलेला नव्हता.

"माझ्याकडे तिला देण्यासारखं काही उरलं नाही," मी म्हटलं.

बाईंनी आभार मानून फोन ठेवला. चिमटी उठली, आणि "आत्या" म्हणाली.

"आत्या कोण?" मी म्हटलं. "मालकीण म्हण. आणि ते चाक चालू कर, मास्तर संध्याकाळी येतील."

तिने चाक चालू केलं. पण कितीतरी वेळ काही घासलं नाही.

मंगळवारी मी वकीलबाईंकडे गेले. दहा वर्षांची अट खोडून टाका म्हटलं. माझ्यामागे सगळं विकायचं आणि दोघांत सारखं वाटायचं. त्यांनी सुस्कारा सोडला, नवा कागद घेतला आणि साहेबाचं नाव लिहून पुढे भाचा असं लिहिलं. मग चिमटीचं नाव लिहिलं आणि त्यापुढच्या रकान्यावर पेन धरून मला विचारलं, "आणि हिचं तुमच्याशी नातं?"

मी खुर्ची पुढे ओढली आणि तो रकाना बघितला.

"भाची," मी म्हटलं. "सख्खी भाची. दोनदा लिहिता येत असेल तर दोनदा लिहा."