कुंडी आणि पुरचुंडी

मित्रांनो, जरा डोळे मिटा. सुरगाण्याच्या डोंगरात थंडीची सकाळ आहे, असे समजा. बोटे आखडली आहेत, तोंडातून वाफ निघते आहे. पायवाट चढून तुम्ही एका कातळापाशी येता. कातळाच्या फटीतून कढत पाणी पडते आहे आणि त्याखाली बैलाच्या पाठीएवढी लांब एक दगडी कुंडी आहे. तीच मी. मी एक जुनी कुंडी आहे. माझे वय मला ठाऊक नाही, पण माझ्या काठावर हात टेकून टेकून खळगे पडले आहेत, त्यांवरून तुम्ही अंदाज करा.

पूर्वी इथे गाव नव्हते. नवसाबाई नावाची एक बाई नागली पेरायला डोंगरावर येई. तिचा लंगडा बैल रोज सुटून इथे यायचा आणि ओढ्यात मिसळून सोसेल इतक्या ऊन झालेल्या गुडघाभर पाण्यात उभा राहायचा. महिनाभरात तो बरा चालू लागला. मग नवसाबाईनेही आपले दुखरे पाय पाण्यात सोडले, आणि कातळाशेजारीच झोपडी बांधली. तिच्यामागून आणखी घरे आली. त्या वस्तीला लोक वाफपाडा म्हणू लागले.

नवसाबाईने दरीखालच्या गावातून खंडेराव पाथरवटाला बोलावले. त्याने महिनाभर छिन्नी चालवून मला घडवले. शेवटच्या दिवशी त्याने माझ्या तळाला अंगठ्याएवढे भोक पाडले, तेव्हा नवसाबाई तापली.

"महिनाभर माझा भात खाल्लास, आणि भांड्याला भोक पाडतोस व्हय?"

खंडेराव हसला. "बाई, गार पाणी तळाला बसतं. त्याला जायला वाट ठेवली, की वरचं ऊन पाणी तळापर्यंत उतरतं. हे भोक नाय, कुंडीचं नाक हाय. दाबू नको."

त्या भोकातून निघालेले पाणी छोट्या चारीने खालच्या हौदात जाई. तिथे ओढ्याचे पाणी मिसळले, की अंगाला सोसेल इतके ऊन होई. माणसे हौदात बसत. किती वेळ बसायचे, हे मी ठरवत असे. आलेल्या माणसाने भिजवलेले मूठभर तांदूळ फडक्यात घ्यायचे, स्वतःच्या हाताने गाठ मारायची आणि ती पुरचुंडी दोरीने माझ्या तळाला सोडायची. भात शिजेपर्यंत हौदात बसायचे. मग आपली गाठ आपणच सोडून तो भात खायचा.

पुढे पंचवटीतले पुजारी आले, भाजीवाल्या आल्या. वाट अवघड होती, तेव्हा पाड्यातल्या गड्यांनी म्हाताऱ्यांना डोलीत बसवून वर आणले. कित्येकांनी जाताना माझ्या काठावर कपाळ टेकले. दगडाला एवढा मान कोण देतो? मी त्या सगळ्यांची ऋणी आहे.

मग डांबरी रस्ता झाला, जीपगाड्या आल्या. खंडेरावाचे शब्द मात्र कोणाच्या लक्षात राहिले नाहीत. काळूआजा माझी देखभाल करी. चैत्रात इथल्या बाया एका हंड्यासाठी दरी उतरतात. अशा गावच्या माणसाला भोकातून वाहणारे पाणी बघवत नाही. एके दिवशी आजाने ते भोक सिमेंटने बुजवले. "आता थेंब वाया जायचा नाय," तो म्हणाला. गावाने नारळ देऊन त्याचा सत्कार केला.

मला त्याचा राग आला नाही. त्याने ते मायेनेच केले होते. पण पाणी आता काठावरून पातळ पसरून, वाऱ्याने निवून हौदात पडू लागले. माझा तळ गार झाला. पुरचुंड्या अर्धकच्च्या निघू लागल्या. झरा म्हातारा झाला, असे म्हणत लोक येईनासे झाले.

याच दिवसांत आजाचा मुलगा दत्तू अंबडहून घरी आला. कारखान्यात त्याचा उजवा हात यंत्राखाली सापडला होता. हाड जुळले होते, बोटे वळत नव्हती. डॉक्टरांनी ऊन पाण्याचा शेक आणि व्यायाम सांगितला होता. होळीपर्यंत मूठ वळली, तरच त्याला कामावर परत घेणार होते. त्याची पुतणी राखी, चौथीतली पोर, रोज त्याच्यासोबत येई. त्याची गाठ तीच मारायची आणि तीच सोडायची.

"काका, आजपण अर्धा भात कच्चा," ती म्हणाली.

"तुझ्या हातचा सैपाक असाच व्हायचा."

"सैपाक कुंडी करते, मी नाय. आणि बघ ना, वरचा शिजलाय, बुडाचा तेवढा कच्चा."

दत्तूने भात झाडाखाली पाखरांना टाकला. राखी मात्र माझ्यात वाकून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने दोन पुरचुंड्या आणल्या. एकीला आखूड दोरी, एकीला लांब. वरची मऊ शिजली. तळाची तशीच कडक राहिली. दोन्ही घेऊन ती आजाकडे धावली.

"आजा, झरा म्हातारा नाय झाला. खालचं पाणी हलतच नाय. तू बूच मारलंस ना, त्यानं."

आजाने दोन्हींतले शीत चावून पाहिले. मग म्हणाला, "त्या बुचापायी गावानं नारळ दिलता मला. आता मीच ते फोडू?"

"नारळ तर कवाच खाल्ला आपण."

आजा हसला, आणि पहार घ्यायला उठला. दहा-बारा घावांत सिमेंट निघाले. आधी काळे पाणी गेले, मग कोमट, मग चटका देणारे. हौदावर पुन्हा वाफ चढली. मित्रांनो, कित्येक दिवसांनी मी श्वास घेतला.

जुन्या वस्तूत काही वेडेवाकडे दिसले, तर ते नीट करण्याआधी थोडे थांबा. ते तसे का केले असेल, ते शोधा. राखीने शोधले, म्हणून मी आज तुमच्याशी बोलते आहे.

त्या दिवशी दत्तू भात शिजेपर्यंत हौदात हात बुडवून बसला. राखीने पुरचुंडी काढून गार केली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली.

"सोड की," तो म्हणाला.

"आज तू सोड. मी सैल मारलीय."

दत्तूची बोटे गाठीवरून घसरत राहिली. भात निवून गेला. राखीने हात पुढे केला नाही, ती ओढ्याकडे बघत बसली. शेवटी फडके उलगडले. दत्तूने पहिला घास तिला भरवला, निम्मा सांडला.

दुसऱ्या दिवशी राखीने गाठ थोडी घट्ट मारली.