चावी काढल्यावर

"हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल. आमच्या घरात माणसंसुद्धा एवढं खात नाहीत, भाऊ," असं म्हणत वहिनी पर्स छातीशी धरून गॅरेजच्या दारातच उभ्या राहिल्या.

मिस्त्री हसले, पण हसू गालांपर्यंत येऊन तिथेच थबकलं. मास्तर गेल्यापासून, म्हणजे दीड वर्षात, त्यांची बायको पहिल्यांदाच इथे येत होती. तिच्या भावाने आपली जुनी डिझेल गाडी तिला वापरायला दिली होती.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढलं आणि तोंडावर तळहात धरला. नुसती ऊब लागली, धूर नव्हता.

"पिस्टनच्या रिंगा शाबूत आहेत. त्या गेल्या असत्या तर अख्खं इंजिन उतरवावं लागलं असतं. सकाळी पहिल्यांदा चालू करताना निळा धूर येतो का?"

"सकाळी नाही. चढावर येतो. मागचा माणूस दिसत नाही एवढा."

म्हणजे दोष व्हॉल्व्हच्या सीलांमध्येही नव्हता. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं, इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोकडे जाणारा पाइप सोडवला आणि आत बोट घातलं. बोट तेलाने निथळत बाहेर आलं. आतलं छोटं चाक चिमटीत धरून त्यांनी दांडा हलवून पाहिला. तो खडखडला. हाताला ओळखीचं वाटावं इतकं खडखडला.

"मग काय करू? टाकत राहू तेल?" वहिनी आता आत आल्या होत्या. "ह्यांना तुम्ही तसंच सांगितलं होतं ना. डिकीत कायम कॅन असायचा. मी म्हणायचे, सवतीला खाऊ नेताय का."

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मिस्त्रींना सोपं गेलं असतं.

गेलं दीड वर्ष ते रस्त्याकडे पाठ करून काम करत. बाहेर एखादं इंजिन चढ्या आवाजात गेलं की हातातला पाना तसाच थांबायचा. तो आवाज उतरून जायचा. डोक्यातला मात्र उतरायचा नाही. तो त्यांनी कधी ऐकलाच नव्हता, लोकांनी सांगितला होता. मास्तरांची गाडी उतारावरच्या वळणाला भिंतीत घुसली, तरी मिनिटभर किंचाळत होती म्हणे, आणि चावी मास्तरांच्या मुठीत होती.

"वहिनी, बसा जरा. गाडी आज इथेच राहील. टर्बो बदलल्याशिवाय मी ती बाहेर जाऊ देणार नाही."

"अहो, पोरीला शाळेतून आणायचंय."

"चालत जा. पण आधी ऐका." त्यांनी स्टूल पुसून पुढे सरकवलं. स्वतः मात्र उभेच राहिले. "डिझेल गाडीला टर्बोतून फार तेल मिळायला लागलं की ती त्या तेलावरच पळायला लागते. चावी बंद करा नाहीतर काढून फेका, थांबत नाही. उलट आवाज चढतच जातो. अशा वेळी माणूस काय करेल? चावीच ओढेल. मीही ओढली असती. आणि चावी निघाली की स्टिअरिंग अडकतं."

वहिनींचा हात पर्सच्या बंदावर होता, तो तिथेच राहिला.

"पोलीस म्हणाले, चालत्या गाडीची चावी कुणी काढत नाही. माणसाने मनात काही ठरवलं असल्याशिवाय." त्या फरशीकडे बघत बोलत होत्या. "सासूबाई अजून विचारतात, तुमचं दोघांचं काही बिनसलं होतं का गं. पोरगी काहीच विचारत नाही. आदल्या दिवशी तिनं त्यांच्याशी भांडण काढलं होतं, सहलीला पाठवत नव्हते म्हणून. तिला वाटतं..."

मान वर करून त्या म्हणाल्या, "म्हणजे त्यांना गाडी थांबवायची होती."

"जिवाच्या आकांताने, वहिनी. त्या दिवशी चूक त्यांची नव्हती."

"तुम्हाला कधी कळलं हे?"

हा प्रश्न येणार हे मिस्त्रींना दीड वर्षं माहीत होतं. उत्तर त्यांनी शंभरदा घोळवलं होतं.

"अपघातानंतर तिसऱ्या दिवशी. पोलिसांच्या आवारात जाऊन पाइप काढून बघितला. पण मला आधीच माहीत होतं. दोन आठवडे आधी त्यांच्या गाडीचा दांडा असाच हलवून बघितला होता. म्हटलं, काढेल अजून वर्षभर, तेल टाकत राहा. मास्तरही म्हणाले, बरं झालं."

"आणि नंतर? दीड वर्षं?"

"तोंड उघडेना."

वहिनी रडल्या नाहीत. ओरडल्याही नाहीत. मिस्त्रींना वाटलं, वहिनींनी पाना उचलून फेकून मारावा, म्हणजे निदान काहीतरी होईल. वहिनींनी फक्त घड्याळ पाहिलं.

"शाळा सुटायला पाऊण तास आहे," त्या म्हणाल्या. "हे सगळं लिहून द्या. गॅरेजच्या छापील कागदावर. माझ्या तोंडून ऐकलं तर पोरीला वाटेल, आई समजूत घालतेय. तिला कळेल असं लिहा. ती चौदा वर्षांची आहे."

मिस्त्री हात धुवून आले. बिलाच्या पॅडवरचा एक कागद फाडून टेबलाशी बसले. दांडा म्हणजे काय, तेल कसं झिरपतं, चावी काढल्यावर काय होतं, हे सगळं त्यांनी भराभर लिहिलं. त्यावर तारीख घातली. मग खाली लिहिलं, 'गाडी दोन आठवडे आधी माझ्याकडे आली होती. मी पाहिलं होतं.'

पेन थांबलं.

पंख्याच्या वाऱ्याने कागदाचा कोपरा फडफडायला लागला. वहिनी स्टुलावरून उठल्या, टेबलाजवळ आल्या आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"पुढे लिहा," त्या म्हणाल्या.