घाटात राहिलेला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. देवळातला नाही, किल्ल्यावरचाही नाही. ट्रक चढावर बंद पडला की मागच्या चाकाखाली घालतात, तसला. आमच्या जातीच्या दगडांना कुणी त्यांची हकिगत विचारत नाही. पण माझ्याजवळ सांगण्यासारखं आहे, आणि मला एका माणसाचा राग आहे. तो मी लपवणार नाही.

माझा जन्म म्हसवडजवळच्या खाणीतला. धुळा नावाचा पाथरवट तिथला काळा दगड फोडून पाटे घडवायचा आणि सिद्धनाथाच्या यात्रेत विकायला बसायचा. एका वर्षी नाथाजी नावाचा ट्रक ड्रायव्हर त्याच्यापुढं उकिडवा बसला आणि पाटा नको, चाकाखाली घालायला दगड घडवून दे, म्हणाला. धुळा हसला. रस्त्याकडेचे फुकटचे दगड सोडून घडवलेला मागणारं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं. तरी त्यानं मन लावून काम केलं. माझी एक बाजू टायरच्या गोलाईला बसेल अशी खोलगट केली. डांबरावर घसरू नये म्हणून बुडाला छिन्नीनं टाके दिले. उचलताना बोटं अडकावीत म्हणून दोन्ही अंगांना खाचा पाडल्या. असा दगड दुसरा नव्हता, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीला हेच कारण झालं.

नऊ वर्षं मी नाथाजीची गाडी धरली. साताऱ्याकडची साखर घेऊन आम्ही कोकणात उतरायचो आणि बांधकामाचा जांभा चिरा भरून सांगलीकडं यायचो. गाडी थांबली की आधी मी उतरायचो. दसऱ्याला तो स्टिअरिंगला कुंकू लावायचा आणि मग मला. धाब्यावर दुसऱ्या ड्रायव्हरांना माझ्या खाचा दाखवायचा. मला वाटायचं, आपलं नशीब थोर.

आता चढावरची रीत सांगतो, नाहीतर तुम्हाला त्याचा गुन्हा कळणार नाही. भरलेली गाडी चढावर एकदा हलली की ड्रायव्हर ती पुन्हा थांबवत नाही. थांबवली तर क्लच जळतो, गाडी मागं येते. त्यामुळं दगड रस्त्यातच राहतो. क्लीनर तो उचलतो आणि पळत जाऊन गाडीत चढतो. क्लीनर नसेल तर ड्रायव्हरनं माथ्यावर गाडी उभी करावी आणि चालत मागं यावं. शहाणे तसं करतात.

तीन वर्षांपूर्वी, पौष महिन्यात, औंधच्या अलीकडच्या घाटात गाडी बंद पडली, तेव्हा नाथाजी एकटा होता. गाडी दुरुस्त झाली. त्यानं ती उचलली, म्हणजे जागची हलवली, आणि तो गेला. मी रस्त्याच्या मधोमध पडून राहिलो. तो माथ्यावर थांबेल म्हणून मी इंजिनचा आवाज ऐकत होतो. आवाज थांबला नाही.

दिवस मावळताना एक मोटारसायकल आली. वळणावर समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांवर आला आणि चालवणाऱ्याला मी दिसलो नाही.

त्याचं नाव अफताब. कुंडलचा. त्याला अवजड गाडीचं लायसन मिळून अकरा दिवस झाले होते. थोरला भाऊ जाफर वीस वर्षांचा मुरलेला ड्रायव्हर, त्यानंच त्याला शिकवलं होतं. पळवायला कुणीही शिकतं, तू थांबवायला शिक, असं तो त्याला रोज सांगायचा. अफताबचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाफर घाटात आला. त्यानं मला उलटंपालटं करून पाहिलं, खाचांत बोटं घालून पाहिली, आणि घरी नेलं. अफताबची बायको आसिया म्हणाली, भाईजान, हा हिरीत टाका. जाफरनं ऐकलं नाही. असा घडवलेला दगड बिनमालकाचा नसतो, हे तो जाणून होता. त्यानं मला स्वतःच्या केबिनमध्ये ठेवलं आणि मालकाचा शोध सुरू केला.

साखर कारखान्याबाहेरच्या रांगेत, गॅरेजवर, वजनकाट्यावर तो मला दाखवायचा. हा कुणाचा? एकजण म्हणाला, "दगडाला काय आरसी बुक असतंय व्हय?" सगळे हसले, जाफर हसला नाही. त्यानं माझा फोटो ड्रायव्हरांच्या ग्रुपवर टाकला. कुणी हात जोडले, कुणी फुलं पाठवली, एकानं हा कुठला देव म्हणून विचारलं. नाथाजी बटनाचा फोन वापरत होता. त्याच्यापर्यंत मी पोचलो नाही.

अफताब आता घरी बसून गाड्यांच्या शिटा शिवायचा. त्यानं भावाला एकच सांगून ठेवलं होतं. मालक गावला तर त्याला हात लावू नको, माझ्यापुढं आण, मला एक गोष्ट इचारायची हाय. कोणती, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. घरात मात्र समजूत घालणारे पुष्कळ होते. त्या ड्रायव्हरला दिसलाच नसेल, असं सगळे म्हणायचे. अफताब सुई ओढत राहायचा.

गेल्या फाल्गुनात भर दुपारी त्याच घाटात एक भरलेला ट्रक उभा होता. जॉइंट तुटला होता, म्हणजे गिअर टाकूनही गाडी धरत नव्हती. हँडब्रेक ढिला. चाकाखाली मुरमाचे दोन दगड, तेही फुटायला आलेले. ड्रायव्हरनं हात केला आणि जाफर थांबला. घाटात दगड मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं.

"पावणं, दगूड हाय का एखादा? माझं ढिसूळ हायती."

जाफरनं मला उतरवलं. त्या माणसानं मला पाहिलं आणि त्याचं तोंड फुललं. हरवलेलं वासरू दिसावं, तसं.

"आवं, ह्यो तर माझा दगूड. म्हसवडात घडवून घेतलाय. कुठं गावला तुमाला?"

"हितंच. घाटात," जाफर म्हणाला.

"व्हय की, हितंच ऱ्हायला हुता. एकटा हुतो. गाडी उचलल्यावर परत कोण थांबतंय?"

त्यानं स्वतःच्या हातानं मला दुसऱ्या चाकामागं बसवलं, माझ्यावर थोपटलं, आणि पोतं अंथरून गाडीखाली शिरला. लोखंडी शाफ्ट छातीवर घेऊन तो बोल्ट लावू लागला. आत झोपूनही माझं कौतुक चालूच होतं.

जाफरनं आपल्या गाडीतून टॉमी, म्हणजे चाक खोलायची लोखंडी पहार, आणली. पहिल्या मुरमाच्या दगडावर एक घाव घातला. त्याचा भुगा झाला. मग दुसऱ्यावर. गाडी दोन बोटं मागं आली आणि सगळं वजन माझ्यावर बसलं.

"पावणं, काय करताय?"

"ढिसूळ काढतोय. आता ह्यो एकच हाय. हालू नका, ऐका."

मग त्यानं सांगितलं. भावाचं नाव, अकरा दिवसांचं लायसन, तारीख, पाय कुठून कापला ते. आवाज चढवला नाही. बोलताना टॉमीचं टोक माझ्या अंगाला टेकवून ठेवलं होतं. नाथाजीला शाफ्ट सोडता येत नव्हता आणि बाहेरही येता येत नव्हतं. आडवा एक घाव बसला असता, तर गाडी त्याला घेऊनच खाली गेली असती.

खरं सांगतो मित्रांनो, मला तो घाव हवा होता. तीन वर्षं माझ्या खाचांत ते रक्त होतं. ज्यानं मला धरायला घडवून घेतलं, त्यानंच मला पाडायला ठेवलं होतं. पण दगडाला आपण होऊन सरकता येत नाही.

 मग नाथाजी हळू म्हणाला, "मारणार काय मला?"

"मारलं आसतं. पर मग माझ्या भावानं कुणाला इचारायचं?"

जाफर टॉमी ठेवून गाडीखाली शिरला. नाथाजीनं शाफ्ट धरून ठेवला आणि उरलेले दोन बोल्ट जाफरनं आवळले. मग नाथाजीनं गाडी माथ्यावर नेऊन उभी केली. जाफरनं मला तिथं आणून त्याच्या शेजारच्या शिटावर ठेवलं आणि मागनं या म्हणाला. वाटेत फाटे पुष्कळ होते. नाथाजी एकाही फाट्याला वळला नाही.

कुंडलला अफताब अंगणात शीट शिवत बसला होता. आसिया दारात आली, जाफरनं सांगितलं ते ऐकलं, आणि आत निघून गेली. त्या घरातून परका माणूस पाण्याशिवाय कधी गेला नव्हता. त्या दिवशी पाणी आलं नाही. नाथाजी मला पोटाशी धरून उभा होता.

अफताबनं सुई कापडात खोचली.

"गाडी उचलल्यावर आरशात बघितलंत?"

नाथाजीनं जाफरकडं पाहिलं. खोटं बोलायला वाव होता. त्या दिवशी घाटात दुसरं कुणी साक्षीला नव्हतं, फक्त मी होतो.

"बघितलं," तो म्हणाला.

"दगूड दिसला?"

"दिसला. वाटलं, मागनं येणारा कुणीतरी बाजूला टाकंल."

अफताबनं मान हलवली. "तीन वर्सं मी म्हणत हुतो, त्याला दिसला आसणार. ही सगळी मला याड्यात काढत हुती."

नाथाजीचे डोळे भरले. त्यानं हात जोडायला मला खाली ठेवलं. अफताबनं त्याला थांबवलं.

"माफी मागू नगा. मागितली तर मला द्यावी लागंल, आन मला द्यायची न्हाई. दगूड उचला आन जावा. तुमचा हाय, तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

मित्रांनो, तेव्हापासून मी पुन्हा नाथाजीच्या गाडीत आहे. तुम्ही मोठे व्हाल, काहीजण गाडी चालवाल. चाकाखाली दगड घातलात, तर तो उचलल्याशिवाय जाऊ नका. आणि दुसऱ्याचा पडलेला दिसला, तर आपला नाही म्हणून वळसा घालू नका. आम्हाला चालता येत नाही. रस्त्यात टाकलेला दगड पुढं काय करतो, ते टाकणाऱ्याच्या माथी असतं.

परवा नाथाजीची गाडी पुन्हा चढावर बंद पडली. तो एकटाच होता. दुरुस्ती झाल्यावर त्यानं गाडी उचलली, माथ्यावर उभी केली आणि उन्हातून चालत खाली आला. पन्नाशी उलटलेला माणूस, धापा टाकत होता. अठरा किलोंचं ओझं खांद्यावर घेऊन तो चढ चढू लागला. वाटेत दोनदा बसला. मला त्याची दया आली नाही.