सगळ्यात घाण खोली

साबणाच्या वडीवर केस होता. लांब, कुरळा, आणि दोघांपैकी कोणाचाच नाही. नवऱ्याने वडी उचलली, नखाने केस काढून टाकला आणि त्याच साबणाने तोंड धुतलं. ती दारात उभी राहून बघत होती. तिने नजर वळवली. किळस त्यालाही आली असेल, पण त्याने दाखवली नाही, आणि नेमकं तेच तिला नको होतं.

"पाणी छान गार आहे," तो म्हणाला. "ये, तूही धुऊन घे."

"मला नको आत्ता," ती म्हणाली आणि बसायला कोरडी जागा शोधू लागली. तशी जागा खोलीत नव्हती. दमट हवेने गादी ओलसर झाली होती, उशीला कोणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा वास होता, भिंतीवर बुरशी चढली होती. ही खोली तिनेच शोधून काढली होती. एवढ्याच पैशांत बऱ्या खोल्या त्या शहरात ढिगाने होत्या. पण तिने मोबाईलवर लोकांचे अभिप्राय वाचून वाचून हीच निवडली. एका बाईने लिहिलं होतं, 'इथे मी माझ्या कुत्र्यालाही ठेवणार नाही.' ते वाचलं आणि तिने लगेच खोली घेऊन टाकली.

शहाणं माणूस असं करत नाही. पण तिचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं होतं.

तिची आई वर्षभर अंथरुणाला खिळून होती. अर्धं अंग लुळं. आई भावाकडे असायची, म्हणजे म्हणायचं भावाकडे आणि करायचं सगळं वहिनीने. पुसणं, धुणं, कूस बदलणं, शी-शूला भांडं देणं. शेवटी वहिनीची कंबर धरली, तेव्हा तिने नणंदेला सरळ विचारलं, "ताई, आता थोडे महिने आईंना तुमच्याकडे न्याल का?"

उत्तर तयार होतं. "अगं, मी आज नेईन. पण आमच्या घरात कोण आहे ते तुला माहीत आहे ना?"

कोण आहे ते साऱ्या माहेराला माहीत होतं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर काचा पुसायच्या, बोटाचा ठसा दिसला की पुन्हा पुसायच्या. बेसिनमध्ये केस दिसला की याचं जेवण गेलं. कोणी शिंकलं की हा मागे सरकलाच. सासुरवाडीला पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा धुतलेलं ताट याने स्वतःच्या रुमालाने पुन्हा पुसलं, त्या दिवशी भावाने त्याचं नाव 'फिनेल' ठेवलं आणि ते चिकटलं.

तिचा लौकिक याच्या अगदी उलट. ती पाळणाघर चालवायची. पोरांचा शेंबूड, शी-शू, ओकाऱ्या, हिला कसली आलीय किळस, असं लोक म्हणायचे. ती ऐकून घ्यायची. पाळणाघरातली ही सगळी कामं मावशी करायची, हे कोणी विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं. पोराने घाण केली की हिला नेमका कोणाला तरी फोन करायचा असायचा.

आईला भेटायला गेली तरी ती उशाशी बसायची, पायथ्याशी नाही. चादर बदलायची वेळ झाली की चहा टाकायला उठायची. एकदा तिने आईचं पातळ ओलं झालेलं पाहिलं आणि वहिनी बाजारातून येईपर्यंत गॅलरीत उभी राहिली. आईनेही हाक मारली नाही.

तर असं सगळं फिनेलच्या नावावर खपत होतं. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली की आपला खांदा दुखत नाही. पण एके दिवशी ते फिनेलच्या कानावर गेलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. दोन दिवसांनी तो म्हणाला, "तुला फिरायला जायचं होतं ना? जाऊ. पाठीवर एकेक पिशवी, स्वस्तातली स्वस्त खोली, संडास चारचौघांत मिळून एक. खोल्या तू निवडायच्या. तेवढाच मला सराव. मी टिकलो तर परत आल्यावर आईंना घरी आणायचं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. नाही म्हणायला तिला तोंडच उरलं नाही.

म्हणून ती खोल्या निवडत होती, घाणीत घाण. दुसऱ्या शहरात तिने एक लांबलचक दालन शोधलं, एकावर एक खाटा रचलेलं, खिडकी थेट नाल्यावर. वरच्या खाटेवरच्या माणसाचे पायमोजे तिच्या तोंडासमोर लोंबत होते. संडासात आधीच्याने पाणी टाकायचेही कष्ट घेतले नव्हते. ती गेली तशी परत आली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, कोपऱ्यातली बादली उचलली आणि आत गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"झालं साफ. जा आता," तो म्हणाला.

आभार मानायचे सोडून तिला त्याचा राग आला. हा कधीपासून असा झाला? जरा म्हणून ओरडत नव्हता, हॉटेल बदलू म्हणत नव्हता. रस्त्याकडेच्या गाडीवरचा माणूस ज्या हाताने नाक पुसायचा त्याच हाताने वाढायचा, बश्या काळ्या पाण्यात बुचकळून काढायचा, आणि हा डोळे मिटून घास गिळायचा. तिला एक घास जात नव्हता. ती केळ्यांवर दिवस काढत होती, कारण केळ्याला साल असतं. "पोट जरा बिघडलंय," असं ती सांगायची. तो टिकत होता आणि ती खचत होती. कारण तो टिकला की आई आली, आणि आई आली की भांडं आलं.

मग बेटं सुरू झाली. बेट म्हणजे निळं पाणी नि पांढरी वाळू, असं चित्रात असतं. चित्राला वास नसतो. तिने निवडलेली झोपडी मासळी वाळवायच्या जागेला लागून होती. मच्छरदाणीत पालीच्या लेंड्या होत्या, पांघरुणावर एक पिवळा डाग होता, आणि खाटेखाली कोणीतरी कापून टाकलेली पायाची नखं पडली होती. ती नखं बघून तिच्या अंगावर काटा आला. नवऱ्याने झाडू मागून आणला, नखं गोळा केली आणि बाहेर गेला. थोड्या वेळाने झोपडीमागून ओकारीचा आवाज आला.

तिला इतका आनंद झाला, की खरं तर त्याची लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही. चेहऱ्यावर काळजी आणून ती मागे धावली. तो माडाला धरून ओणवा झाला होता.

"राहू दे रे," ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "कशाला जिवाला त्रास? नाही जमत एखाद्याला. मी सांगीन दादाला समजावून."

"जमेल," तो चूळ भरत म्हणाला. "ओकारी आली तरी काम होतं, हे कळलं मला. आधी काम करायचं, मग बाजूला जाऊन ओकायचं. आईंना दिसलं नाही म्हणजे झालं." मग तो वाळूत बसला आणि अगदी शिकाऊ मुलासारखा तिला विचारू लागला, "तू कशी करतेस गं पोरांचं रोज? पहिल्यांदा तुलाही असंच व्हायचं का?"

"सवय होते," ती म्हणाली.

"मग मलाही होईल," तो म्हणाला. "चुकलो तर तू आहेसच शिकवायला."

तिने मान हलवली. तो इतक्या विश्वासाने बघत होता की तिला त्याच्या डोळ्यांचाच वीट आला. ती उठून आत गेली.

परतीच्या बोटीत गर्दी होती. डिझेलचा वास, कोंबड्यांच्या पाट्या, पायाखाली चिकचिक. तिच्या शेजारी एक म्हातारी बसली होती, एकटीच, मांडीवर गाठोडं घेऊन. समुद्र उसळला तशी म्हातारी हिरवी-पिवळी पडली. तिने आधारासाठी हात पुढे केला आणि तो हिच्या मनगटावर पडला. पुढच्या क्षणी म्हातारी भडाभडा ओकली. थोडं हिच्या पायांवर उडालं, बरंचसं म्हातारीच्याच अंगावर. खालूनही ओल पसरत होती.

तिने काय केलं? तिने तो हात झटकला. नुसता सोडवला नाही, पाल झटकावी तसा झटकला, आणि ती थेट पलीकडच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. म्हातारी बाकावरून घसरत होती. ते दिसत असूनही हिचे पाय हलले नाहीत.

नवरा मागच्या बाकावर होता. तो आला, त्याने म्हातारीला काखेत धरून सरळ बसवलं. एकदा मान वळवून स्वतःची उबळ गिळली. मग अंगातला शर्ट काढला, त्याने तिचं तोंड पुसलं, मान पुसली, गळ्यातल्या वळ्या पुसल्या. "काही नाही आजी, काही नाही," असं म्हणत होता. म्हातारीला त्याची भाषा कळत नव्हती, तरी ती मान डोलवत होती. मग तिला धरून तो मागच्या नळाकडे घेऊन गेला. जाताना त्याने बायकोकडे पाहिलं आणि हसला. पेपर सोपा गेला की पोरं हसतात तसा. हिने हात झटकला ते त्याने पाहिलंच नव्हतं.

धक्का जवळ आला तशी मोबाईलला रेंज आली. धक्क्यावर उतरलो की वहिनीला आपणच फोन लावणार, असं तो सकाळपासून म्हणत होता. त्याच्या आधी आपण लावला पाहिजे, एवढं एकच तिच्या डोक्यात आलं. तिने नंबर लावला.

"वहिनी, अगं मी खूप प्रयत्न केला," ती म्हणाली, आणि आवाज आपोआप रडवेला झाला. "नाही जमायचं त्याला. आत्ताच बोटीत एका म्हातारीला उलटी झाली. बिचारीने आधाराला हात धरला तर याने तो झटकून टाकला. पडत होती गं ती, आणि हा लांब उभा राहून बघत होता. मला इतकी लाज वाटली. अशा माणसाच्या हाती आईला कशी देऊ, सांग."

बोलता बोलता तिच्या तोंडाला कडू चव आली. दोन आठवड्यांत तिने जी जी घाण पाहिली, त्यातल्या कशाचीही इतकी शिसारी तिला आली नव्हती. तरी ती बोलत राहिली, कारण गोष्ट चांगली जमत होती.

"बरं," वहिनी म्हणाली. "मग बघते मी. करीन काहीतरी."

मागून ओला हात पुढे आला. नवरा नुसत्या बनियनवर उभा होता, त्याच्या अंगाला ओकारीचा वास येत होता. कधीचा उभा होता कोण जाणे. तिने मोबाईल दिला.

"वहिनी, मी बोलतोय," तो म्हणाला. "रविवारी आम्ही येतो, आईंना घेऊन जातो. त्याआधी मला एकदा सगळं दाखवा. भांडं कसं द्यायचं, कूस कशी बदलायची." तिकडून वहिनीने काहीतरी विचारलं. "नाही, तिला नको," तो म्हणाला. "मलाच दाखवा."

फोन ठेवून त्याने तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता हा आपल्याला फाडून खाणार. ती तयारीतही होती, चार उलटी उत्तरं जिभेवर आली होती. तो शांतपणे म्हणाला, "आईंचं सगळं मी करीन. तू हात लावला नाहीस तरी चालेल."

त्याची माफी मागावी, निदान खोटं तरी बोलावं, यातलं काही सुचायच्या आधीच तिला हायसं वाटलं. आणि ते त्याने तिच्या चेहऱ्यावर वाचलं.