उजव्या वळणाचं घर

चाकांवरच्या घराबद्दल वुब्बोला दोन भीती होत्या. पहिली ओल, दुसरी चाकं. पहिली तो सगळ्यांना सांगायचा. दुसरी कुणालाच नाही.

गेली कित्येक वर्षं तो विकत घ्यायला जुने कॅम्पर, म्हणजे असली चाकांवरची घरं, बघत होता. मुलगी बघायला जावं तसा जायचा: कपडे नीटनेटके, चेहरा गंभीर, आणि निघताना ठरलेलं एक 'कळवतो'. खिशात ओल मोजायचं यंत्र असे. त्याचे दोन टोचे भिंतीला टेकवायचे आणि ओल असली की यंत्र 'पीं' करायचं. ते त्याला बायकोनं, सीत्स्केनं, वाढदिवसाला दिलं होतं. तेवढी एकच भेट परत घेता आली असती तर बरं, असं तिला अलीकडे वाटायला लागलं होतं, कारण यंत्र दरवेळी कुठे ना कुठे पीं करायचं आणि दोघं रिकाम्या हातानं आसेनला घरी यायचे.

सीत्स्केच्या आईच्या वाढदिवसाला सगळं खानदान गोल खुर्च्या मांडून, मांडीवर केकची बशी घेऊन बसलं होतं. तिथं सीत्स्केचा भाऊ ओन्नो म्हणाला, "काय दाजी, यंदा कुठला कॅम्पर नाकारणार?"

सगळे हसले. वुब्बोही हसला. सीत्स्केनं बशी खाली ठेवली.

"जूनमध्ये मी नॉर्वेला जाणारे," ती म्हणाली. "पार उत्तरेच्या टोकाला. वुब्बो गाडी चालवत असेल तर त्याच्याबरोबर. नसेल तर ओन्नोबरोबर, बसनं."

गोलात बसून बोललेलं मागे घेता येत नाही, सगळ्या खुर्च्या साक्षीदार असतात. त्यातून ओन्नो बसमध्ये गातो. सगळी कडवी गातो. हे सीत्स्केला लहानपणापासून माहीत होतं, आणि तरीही ती बोलली होती. प्रकरण कुठवर गेलंय ते वुब्बोच्या तेव्हा लक्षात आलं.

म्हणून मे महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळच्या कॉफीच्या वेळेला, दोघं ओल्डेमेडे नावाच्या गावात हार्म आणि खेशे या म्हाताऱ्या जोडप्याच्या दारात उभे राहिले. गाडी समोरच रस्त्याकडेला होती. वयानं मतदान करू शकेल एवढी जुनी, पण अंगावर ओरखडा नाही. आधी कॉफी झाली. खेशेनं बिस्किटांचा डबा उघडला, प्रत्येकाला एक मिळालं, डबा मिटला. मग हार्मनं कॅम्परच्या दाराशी लाकडी बूट काढले आणि मोज्यांनी आत शिरला. मागोमाग बाकीचे.

वुब्बोनं यंत्र काढलं. खिडकीखाली टेकवलं. गप्प. कोपऱ्यात, छताला, कपाटामागे. गप्प. बिघडलं की काय म्हणून त्यानं ते स्वतःच्या जिभेला लावलं. पीं. यंत्र ठणठणीत होतं.

"कोरडी आहे," तो म्हणाला. डॉक्टर वाईट बातमी देतात त्या सुरात.

"कोरडीच राहणार," हार्म म्हणाला. "आत कधी काही सांडलंच नाही."

हे मात्र खरं होतं. शेगडीवर दुकानाचं लेबल तसंच होतं. गादीवर प्लास्टिक होतं. संडासाच्या झाकणावर कागदाची पट्टी होती, नव्या हॉटेलात असते तशी.

"संडास वापरलाच नाही?" सीत्स्केनं विचारलं.

"घर समोर असताना?" हार्म म्हणाला.

"मग फिरलात कुठेकुठे?"

हार्मनं खिडकीतून हात केला. "इथून चर्च. चर्चवरून बेकरी. बेकरीवरून शाळा. शाळेवरून इथं."

"आणि लांब कुठं?"

"बेकरीच लांब आहे."

मग त्यानं सगळं समजावून सांगितलं. गावात नियम असा की एवढी मोठी गाडी रस्त्याला एका जागी तीन दिवसांच्या वर उभी करायची नाही. लोक असल्या गाड्या गावाबाहेर कुणाच्या तरी गोठ्यात भाड्यानं ठेवतात. हार्मला ते पटत नव्हतं. गाडी घ्यायची आणि दुसऱ्याच्या गोठ्यात ठेवायची, तर मग गायच घ्यावी. म्हणून दर तिसऱ्या दिवशी तो गाडीत बसे, चौकोनी फेरी मारून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला येऊन थांबे, आणि पुढच्या वेळी पुन्हा अलीकडे. समोरच्या खिडकीत शेजारीण बसायची आणि लक्ष ठेवायची. एकदा त्याला ताप होता तर तिनं नगरपालिकेला फोन केला होता.

"फार चांगली बाई," हार्म म्हणाला. "तिच्यामुळे खाडा नाही पडला."

"पण सुट्टीवर का नाही गेलात?" सीत्स्केनं विचारलं.

"जाणार कसं? तिसऱ्या दिवशी गाडी हलवायची असते. माणूस गावात नको?"

सीत्स्केनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "पण सुट्टीवर गेला असता तर गाडी तुमच्याबरोबरच असती ना!"

हार्मनं विचार केला. विचार करताना तो डोळे मिटत असे. "आता तू म्हणतेस तर आहे खरं," तो म्हणाला. "पण तोवर सवय झाली होती."

"हे मी त्याला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं," मागच्या बाकावरून खेशे म्हणाली. "तेव्हा म्हणाला, बघू."

वुब्बोला हार्मचं सगळं म्हणणं पहिल्या फटक्यात पटलं होतं. तो मान डोलवत होता. सीत्स्केनं ती मान बघितली.

चालवून बघायची वेळ आली. वुब्बो स्टिअरिंगच्या चाकामागे बसला, हार्म शेजारी, बायका मागे. कोपरा आला तसा हार्म म्हणाला, "चाक सोड."

"काय?"

"सोड रे पोरा. धरून काय ठेवलंयस?"

वुब्बोनं चाक सोडलं. गाडी आपसूक उजवीकडे वळली, चर्चला वळसा घालून निघाली, बेकरीपाशी पुन्हा उजवीकडे, शाळेपाशी पुन्हा. इतकी वर्षं एकाच बाजूला वळून तिच्या हाडात ते वळण बसलं होतं. चौथ्या कोपऱ्यानंतर ती हार्मच्या दारासमोर आली. ब्रेक तेवढा दाबावा लागला.

"माझ्या बापाचा दुधाच्या गाडीचा घोडा असाच होता," हार्म म्हणाला. "बाप झोपला तरी दूध पोचायचं."

"गॅरेजवाल्याला दाखवलंत का?" सीत्स्केनं विचारलं.

"दर वर्षी. तो चालवून बघतो आणि म्हणतो, उत्तम."

"कुठवर चालवतो?"

"बेकरीपर्यंत."

वुब्बोच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं होतं. घरी परत आणणारी गाडी असू शकते हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

"डावीकडे वळते का?" सीत्स्के म्हणाली.

"डावीकडे काय आहे?" हार्म म्हणाला.

"नॉर्वे," खेशे म्हणाली.

वुब्बो उठला आणि ओल शोधायला लागला. एकच जागा उरली होती, मागच्या बाकाखालची. त्यानं खेशेला उठवून फळी उचलली. खाली एक तपकिरी सूटकेस होती. त्यानं तिलाही यंत्र टेकवलं. गप्प.

"ही कुणाची?"

"माझी," खेशे म्हणाली. "गाडी आली त्या आठवड्यात भरली. मधूनमधून आतले कपडे बदलते. माणूस जाड होतं."

हार्म सूटकेसकडे बघत राहिला. "मला वाटायचं, स्टेपनी आहे," तो म्हणाला.

सगळे खाली उतरले. बघून झालं होतं. वुब्बोनं घसा खाकरला. सीत्स्केनं ते खाकरणं ओळखलं.

"छान आहे," तो म्हणाला. "कळवतो."

सीत्स्केनं रेनकोटची चेन हनुवटीपर्यंत ओढली, आकाशाकडे बघितलं, आणि गुणगुणायला लागली. ओन्नोचं गाणं होतं. दुसऱ्या कडव्याला वुब्बोनं हात पुढे केला.

त्या भागात सौदा अजूनही गुरांच्या बाजारासारखा होतो. भाव बोलायचा आणि समोरच्याच्या तळहातावर फाडकन टाळी मारायची. समोरचा आपला भाव बोलतो आणि उलटी टाळी मारतो. भाव जुळून शेवटची टाळी बसली की शब्द दिला, मग कागदाला कुणी विचारत नाही. हार्मनं मारली, वुब्बोनं मारली. हार्मनं मारली, वुब्बोनं मारली. दोघांचे तळवे लाल झाले आणि भाव एकमेकांच्या एवढे जवळ आले की आता शेवटची टाळी उरली होती. वुब्बोनं हात उचलला. तेवढ्यात हार्मच्या तळहातावर खेशेनं आपला तळहात उघडा ठेवला.

"सूटकेससकट," ती म्हणाली. "आणि सूटकेसवालीसकट."

वुब्बोचा हात वरून निघाला होता. वाटेत थांबण्याचा त्याचा स्वभावच, पण हातानं आयुष्यात पहिल्यांदा त्याचं ऐकलं नाही. फाडकन टाळी बसली.

"म्हणजे?" हार्म म्हणाला.

"म्हणजे मी ह्या पोरांबरोबर नॉर्वेला चाललेय."

"आणि तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी मी डेन्मार्कात असेन. तू येतोस?"

हार्मनं डोळे मिटून विचार केला. "दोघंही गेलो तर इथं कोण?" तो म्हणाला.

सीत्स्के खेशेकडे वळली. "एकच विचारते. तुम्ही गाता का?"

"चर्चमध्येसुद्धा नाही."

"मग या."

जून उजाडायला अजून अवकाश होता, तोवर गाडी आसेनला, त्यांच्या रस्त्यावर आली. नियम तिथंही तोच होता. पहिल्या तिसऱ्या दिवशी वुब्बो नाइलाजानं फेरी मारून आला. दुसऱ्या फेरीला त्यानं बरोबर कॉफीचा थर्मास घेतला. नंतर नंतर तो फेरीच्या आदल्या संध्याकाळी गाडी धुवायला लागला. गल्लीतली माणसं हात करायची. त्याला कधी नव्हे एवढी भूक लागायची. एका रात्री जेवताना तो म्हणाला, "मी काय म्हणतो, यंदा गाडीची जरा ओळख होऊ दे. नॉर्वे काय पळून जातंय?"

सीत्स्केनं बटाटा चावून गिळला. मग फोन उचलला आणि ओन्नोला विचारलं, "बस किती वाजता सुटते?"

निघायच्या सकाळी हार्म खेशेला सोडायला आला. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरवर थाप दिली, आणि वुब्बोला म्हणाला, "जपून. ती सांगेल तसं कर." तो गाडीबद्दल बोलत होता. खेशे बाकावर, सूटकेसच्या बरोबर वर, बसली. सीत्स्के पुढे.

रस्ता जिथं संपतो तिथं दोन वाटा फुटतात. डावीकडचा रस्ता महामार्गाला मिळतो. उजवीकडे नेहमीची फेरी, आणि फेरीच्या तोंडाशीच बसथांबा. थांब्यावर पाठीला सॅक लावून ओन्नो उभा होता.

"हा इथं काय करतोय?" वुब्बोनं विचारलं.

"वाट बघतोय," सीत्स्के म्हणाली. "मी त्याला सांगितलंय, तू उजवीकडे वळलास तर मी थांब्यावर उतरेन. त्याचं तिकीट काढलंय, माझंही काढलंय."

गाडी कोपऱ्याला आली आणि सवयीनं उजवीकडे कलली. चाक वुब्बोच्या हातात हळूहळू फिरायला लागलं. काच खाली होती. ओन्नोनं गायला सुरुवात केली होती.

"उजवीकडूनही जाता येईल," वुब्बो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "जरा वळसा पडेल, पण..."

सीत्स्केनं पट्टा सोडला. टक्, एवढाच आवाज झाला.

वुब्बोनं दोन्ही हातांनी चाक धरलं आणि डावीकडे ओढलं. गाडी ऐकेना. तो अर्धा उभा राहिला. मागून खेशेचे दोन सुरकुतलेले हात आले आणि चाकाला लागले. सीत्स्के त्याच्या अंगावर रेलली. गाडी मधोमध थांबली, कण्हली, कपाटातून नवीकोरी किटली खाली आली, आणि मग, गुडघे दुखणारं माणूस कूस बदलतं तशी, ती डावीकडे वळली.

थांब्यावर ओन्नो कडवं अर्धं सोडून बघत राहिला.

"पट्टा लाव," वुब्बो म्हणाला. सीत्स्केनं लावला.

तिसऱ्या दिवशी ते डेन्मार्कात एका गवताळ माळावर थांबले होते. बाहेर पाऊस होता. आत शेगडीवरचं लेबल जळून गेलं होतं आणि संडासाची पट्टी फाटलेली होती. वुब्बोचा डावा दंड सुजला होता, त्यावर सीत्स्केनं ओला टॉवेल बांधला होता. खेशेनं घरी फोन लावला.

"काय करतोयस?"

"ढकलगाडी हलवतोय," हार्मचा आवाज आला. "गाडीच्या जागी ती ठेवलीये. शेजारीण बघतेय."

"चर्चवरून?"

"मग काय डावीकडून?"

खेशेनं फोन ठेवला आणि बिस्किटांचा डबा उघडला. प्रत्येकाला एक दिलं. डबा तिनं मिटला नाही.

वुब्बोनं सवयीनं यंत्र काढून खिडकीखाली टेकवलं. पीं.

दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या.

"टॉवेल लागला असेल," वुब्बो म्हणाला, आणि दुसरं बिस्किट घेतलं.