खर्चात धरलेल्या भाकऱ्या

"हे घर म्हणजे मृत भांडवल आहे, अव्वा," प्रभुलिंग सर आईला म्हणाले. दारात उभा असलेला एजंट तेवढ्यात भिंतींचा अंदाज घेऊ लागला.

कमलम्मांचं लक्ष तव्यावर होतं. शेजारच्या गिरिजाबाईंचा नवरा पहाटे गेला होता. मयताच्या घरी चूल पेटत नाही. बाळीवेशीतल्या त्या गल्लीत कुणाकडेही असं झालं की पहिल्या भाकऱ्या कमलम्मांच्या जायच्या.

सर कॉलेजात तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवत होते आणि भांडवल हा त्यांचा हातखंडा विषय. आज राखून ठेवलेलं आणि उद्या उपयोगी पडणारं ते भांडवल, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. हे घर विकून विजापूर रोडला लिफ्टचा फ्लॅट घ्यायचा, असं ते महिनाभर आईच्या गळी उतरवत होते.

"मग ह्या भाकऱ्या काय म्हनायच्या?" कमलम्मांनी विचारलं.

"तो खर्च."

"तू शिकलेला हायस की," म्हणत त्यांनी भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि त्या शेजारी गेल्या.

एकदा वर्गात ऋतुजा नावाच्या मुलीने विचारलं होतं, जे विकता येत नाही ते भांडवल असू शकतं का? हे परीक्षेला येत नाही, असं सांगून सरांनी विषय मिटवला. माणूस हुशार, पण पुस्तकाबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांचे पाय जड व्हायचे.

फ्लॅट झाला. तिथे कमलम्मांना कुणी वाईट वागवलं नाही, आणि कुणी हाकही मारली नाही. त्या गप्प गप्प होत गेल्या. जुन्या घराचे जिने चढणं सुटल्याने गुडघे मात्र सुधारले, आणि सर तेवढंच धरून बसले.

सातव्या महिन्यात समोरच्या फ्लॅटमधले आजोबा गेले. कमलम्मांना काही सांगावं लागलं नाही. पदर खोचून त्यांनी वीस भाकऱ्या थापल्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या हातांना घाई होती. गाठोडं घेऊन त्या समोर गेल्या आणि लगेच परत येऊन उंबऱ्याबाहेर थांबल्या.

"जेवन भायरून मागवलंय म्हनं. आजी, कशाला त्रास घेतला, म्हनाली पोरगी. चांगली मानसं हायत."

सर दारापाशी आले. "आण इकडे, आपण खाऊ," म्हणून त्यांनी हात पुढे केला.

"मयतासाठी केलेली भाकरी परत आपल्या घरात घ्यायची न्हाई." त्यांनी गाठोड्याची गाठ घट्ट केली. "मी गेल्यावर हितं कोन आनंल रे भाकरी?"

सरांनी जे खर्चात धरलं, तेच आईने जन्मभर साठवलं होतं. ते गल्लीतच राहिलं, आणि ते त्यांच्याच हातून बुडालं होतं.

गाईला घालून येते, असं सांगून कमलम्मा लिफ्टने खाली गेल्या. सर बाल्कनीत येऊन उभे राहिले. फाटकासमोरून गाड्यांमागून गाड्या जात होत्या. गाय कुठेच नव्हती. गाठोडं पोटाशी धरून आई एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला बघत होती.